केव्हा निघालात?

पाहुणा उंबऱ्यात आला की आपण त्याला 'केव्हा पोचलात' असे विचारत नाही. ते समोर दिसतच असते. पाण्याचा तांब्या पुढे करता करता आपण विचारतो ते 'केव्हा निघालात?' मग त्या उत्तरातून बाकीचे आपोआप कळते. गाडी कुठे रखडली, वाटेत कुणाकडे मुक्काम पडला, जेवण झाले की व्हायचे आहे. समुद्राच्या तळाशी येऊन बसलेल्या गाळाला मात्र शास्त्रज्ञांनी जवळजवळ शंभर वर्षे एवढेच विचारले : बाबा, तू पोचलास केव्हा? 'निघालास केव्हा' हे नीट विचारायची सोय झाली ती अगदी अलीकडे, २००६ साली, आणि तीही आइसलँडच्या दक्षिणेला काढलेल्या करड्या गाळापुढे.

पोचण्याची तारीख शोधण्याचा इतिहासही कमी रंजक नाही. डब्लिनच्या जॉन जोली यांनी १९०८ साली खोल समुद्रातल्या गाळात रेडियम मोजले आणि ते जमिनीवरच्या सामान्य खडकांपेक्षा पुष्कळच जास्त भरले. पुढे १९३६ साली अमेरिकेच्या कार्नेगी संस्थेतले चार्ल्स स्नोडेन पिगट एक अजब हत्यार घेऊन 'लॉर्ड केल्विन' या तारा टाकणाऱ्या जहाजावर चढले. ती खरोखरच बंदूक होती. दोरखंडाने ती तळापर्यंत सोडायची, तळाला टेकताच दारूचा बार उडायचा आणि धातूची नळी गाळात खचकन रुतायची. न्यूफाउंडलंड ते आयर्लंड अशा वाटेवर त्यांनी गाळाचे लांबच लांब दांडे वर काढले. मग पिगट आणि त्यांचे सहकारी विल्यम उरी यांनी त्या दांड्यांतली किरणोत्सारी द्रव्ये मोजून कोणता थर केव्हा बसला याचा हिशेब मांडला. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या युरेनियमपासून थोरियम-२३० तयार होते, ते पाण्यात टिकत नाही, गाळाच्या कणांना चिकटून खाली बसते आणि सुमारे ७५ हजार वर्षांत निम्मे होते. थर जितका खाली, तितके ते कमी. पोचल्याची नोंद मिळाली.

निघाल्याची नोंद मात्र कुठेच दिसत नव्हती. अडचण साधी आहे. सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे वय काढा, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या घरात निघते. त्याच दगडाचा भुगा करा आणि भुग्याचे वय काढा, तेही तेवढेच. भुगा काल झाला की लाख वर्षांपूर्वी, याचा त्या आकड्याला पत्ताच नसतो, कारण खडकाची घड्याळे तो थंड होऊन घट्ट झाला तेव्हा सुरू होतात. पाहिजे होते ते असे घड्याळ, जे दगड फुटून त्याचे पीठ होते त्या क्षणी चालू होईल. गंमत अशी की असे घड्याळ युरेनियमच्या प्रत्येक कणात पहिल्यापासून टिकटिकत होते. ते घड्याळ आहे हे ओळखायला शतक लागले, कारण मधल्या सगळ्यांना ती टिकटिक म्हणजे बिघाडाचा आवाज वाटत होता.

गोष्ट सुरू होते १९०० साली, लंडनमध्ये. विल्यम क्रुक्स हे स्वतःच्या प्रयोगशाळेत काम करणारे, पैशाने आणि कीर्तीनेही स्वतंत्र असे गृहस्थ. युरेनियमच्या क्षारावर रासायनिक प्रक्रिया करताना त्यांना दिसले की किरणे टाकणारा भाग वेगळाच निघून येतो आणि उरलेले युरेनियम छायाचित्राच्या काचेवर जवळजवळ काहीच उमटवत नाही. त्या वेगळ्या निघालेल्या अंशाला त्यांनी 'युरेनियम एक्स' असे नाव दिले. ओळख पटलेली नसली की एक्स म्हणायचे, ही जुनीच सोय. पुढे बेकरेल यांना आढळले की त्या निर्जीव झालेल्या युरेनियममध्ये पुन्हा जीव येतो. रदरफर्ड आणि सॉडी यांनी यातून निष्कर्ष काढला की युरेनियम सतत युरेनियम एक्समध्ये बदलते आहे. तो एक्स म्हणजे आज आपण ज्याला थोरियम-२३४ म्हणतो ते. त्याचे अर्धे आयुष्य फक्त २४ दिवसांचे. हा २४ दिवसांचा पाहुणा या गोष्टीतला मुख्य नट आहे, तेव्हा त्याला लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट माँट्रियलची. मॅकगिल विद्यापीठात रदरफर्ड यांच्या हाताखाली हॅरिएट ब्रुक्स नावाची मुलगी काम करत होती. त्यांच्या पहिल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ती एक. १९०४ साली तिने 'नेचर'मध्ये एक लहानशी टिपणी लिहिली. रेडियमपासून निघणाऱ्या द्रव्याचा लेप बसलेली पट्टी भांड्यात ठेवली, तर पट्टी काढून घेतल्यावरही भांड्याच्या भिंती किरणोत्सारी झालेल्या सापडत. तिला वाटले, काहीतरी वाफ होऊन उडते आहे. वाफ नव्हती ती. अणू फुटताना अल्फा कण एका दिशेला सुटतो आणि उरलेला अणू उलट दिशेला फेकला जातो. गोळी सुटली की बंदुकीचा दस्ता खांद्यात हिसका देतो, तसे. रदरफर्ड यांच्या हे पुढे ध्यानात आले आणि १९०९ साली ऑटो हान व लिझ माइटनर यांनी बर्लिनमध्ये त्याच हिसक्याचा उपयोग करून नवी द्रव्ये वेगळी केली. ब्रुक्स तोवर या क्षेत्रातून गेली होती. न्यूयॉर्कच्या ज्या महिला महाविद्यालयात ती १९०६ साली शिकवत होती, तिथल्या अधिष्ठात्यांचे म्हणणे पडले की लग्न करणार असाल तर नोकरी सोडा. तिने ते तत्त्व म्हणून मान्य केले नाही, त्याविरुद्ध लेखी वाद घातला. ते लग्न मोडले, तरी ती नोकरीही तिने सोडली. १९०७ साली दुसरीकडे लग्न करून ती माँट्रियलला परतली आणि पदार्थविज्ञान कायमचे सुटले. अणूचा हिसका जिने सर्वांआधी पाहिला, तिचे नाव या विषयाच्या पुस्तकांत शोधून काढावे लागते.

आता हे दोन धागे एकत्र आणू. युरेनियम-२३८ चा अणू अल्फा कण सोडतो आणि थोरियम-२३४ होतो. त्या क्षणी तो नवजात थोरियम हिसक्याने मागे ढकलला जातो. किती? खनिजाच्या आत सुमारे ३० ते ४० नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीचा दोन हजारावा भाग म्हणा. नंतर काही आठवड्यांत तो आणखी दोन पायऱ्या उतरतो आणि युरेनियम-२३४ बनतो. म्हणजे आजोबाही युरेनियम, नातूही युरेनियम, पण नातू जरा पलीकडच्या खोलीत जन्मलेला. युरेनियम-२३८ चे अर्धे आयुष्य ४४७ कोटी वर्षे, नातवाचे फक्त २ लाख ४५ हजार. खडक घट्ट, जुना आणि एकसंध असेल तर दोघांच्या फुटण्याचा वेग सारखा होतो. जितके नातू जन्मतात तितकेच मरतात. त्यांच्या किरणोत्साराचे गुणोत्तर बरोबर १ येते. पाठ्यपुस्तकात तेच लिहिलेले असे आणि ते १ आहे असे गृहीत धरूनच लोक पुढची गणिते करत.

ते १ नाही, हे १९५० च्या दशकाच्या मध्यावर सोव्हिएत मध्य आशियात काम करणाऱ्या व्हिक्टर चेर्डिन्त्सेव आणि पी. आय. चालोव यांनी दाखवले. भूजलात, झऱ्यांत युरेनियम-२३४ पाहिजे त्यापेक्षा जास्त निघत होते, कधी कधी दुपटीहूनही जास्त. एकाच मूलद्रव्याची दोन समस्थानिके. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघांत फरक नाही. मग पाणी एकाला ओढते आणि दुसऱ्याला सोडते, हे कसे? अनेकांना आधी मोजमापाचीच शंका आली असणार, कारण गोष्ट तशीच होती. पण आकडे हटेनात. समुद्राच्या पाण्यातही हे गुणोत्तर १ नसून सुमारे १.१५ असल्याचे १९६० च्या दशकात नक्की झाले. ज्यांना युरेनियमवरून वये काढायची होती त्यांच्या दृष्टीने ही डोकेदुखी. प्रत्येक हिशेबात आता एक दुरुस्ती चिकटली.

पाण्यात जास्तीचे येते, तर ते कुठून तरी कमी होत असले पाहिजे. ते कुठून जाते, हे टोकियोच्या गाकुशुइन विद्यापीठातल्या कुनिहिको किगोशी यांनी १९७१ साली एका सुरेख प्रयोगाने दाखवले. किगोशी हे मुळात कार्बन-१४ च्या कालमापनातले जाणते गृहस्थ. त्यांनी झिरकॉन या युरेनियम असलेल्या खनिजाची बारीक पूड घेतली, ती द्रवात कालवून ठेवली आणि द्रवात काय उतरते ते मोजले. झिरकॉन हे इतके चिवट खनिज की ते विरघळण्याचा प्रश्नच नाही. तरी द्रवात थोरियम-२३४ येत राहिले, आणि हिसक्याच्या हिशेबाने जितके यायला हवे त्याच मापाने. कणाच्या पृष्ठभागाजवळ जन्मलेला थोरियम सरळ उडी मारून बाहेर पाण्यात पडत होता. क्रुक्सचा युरेनियम एक्स, ब्रुक्सचा हिसका आणि चेर्डिन्त्सेवचे न जुळणारे गुणोत्तर, तिन्हींचा मेळ एका बरणीतल्या पुडीने घातला.

इथे थोडे गणित केले तर पुढचे सोपे जाईल. समजा, एक कण १० मायक्रोमीटर व्यासाचा आहे, म्हणजे बारीक पोयट्यासारखा. त्याच्या सालीचा ३० नॅनोमीटर जाडीचा थर म्हणजे कणाच्या आकारमानाचा १.८ टक्का. त्या सालीत जन्मणाऱ्या थोरियमपैकी सरासरी चौथा हिस्सा बाहेर पडतो. बाकीचे आत किंवा आडवे जातात. म्हणजे गुळगुळीत गोळी असती तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी गळती. पण दगडाचा भुगा म्हणजे शाबूदाणा नव्हे. तो खडबडीत, भेगाळलेला, कंगोऱ्यांचा असतो. त्याचा खरा पृष्ठभाग गोळीच्या दहापटही भरतो. म्हणून गळती काही टक्क्यांवर जाते आणि आजच्या यंत्रांना ती चांगली मोजता येते. वाळूच्या जाड कणात, किंवा अखंड खडकात, साल आकारमानाच्या मानाने नगण्य. तिथे गळती नाहीच म्हणा.

घड्याळ ते हेच. दगड अखंड आहे तोवर गुणोत्तर १. हिमनदीच्या जात्यात सापडून किंवा दऱ्याखोऱ्यांतल्या घर्षणाने त्याचे ५० मायक्रोमीटरहून बारीक पीठ झाले, की गळती सुरू. त्या दिवसापासून गुणोत्तर हळूहळू १ च्या खाली उतरू लागते. अडीच लाख वर्षांत व्हायची तेवढी घट निम्मी होते, पाच लाखांत तीन चतुर्थांश, आणि दहा लाखांच्या पुढे घट थांबून घड्याळाचा काटा अडकतो. गुणोत्तर मोजा, पीठ केव्हा झाले ते कळेल. मराठीत त्याला चुऱ्याचे वय म्हणायला हरकत नाही. त्यातून तो थर तळाशी बसला ती तारीख वजा करा. उरेल तो प्रवास.

हे इतके सोपे वाटते की कुणी आधी का केले नाही असा प्रश्न पडावा. पण ज्यांनी केले तेही ते करायला निघाले नव्हते.

१९९५ च्या उन्हाळ्यात 'जॉइड्स रिझोल्युशन' हे छिद्रण जहाज आइसलँडच्या दक्षिणेला उभे होते. ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमची ती १६२ वी सफर. प्रमुख होते नॉर्वेचे आयस्टाइन यान्सेन आणि अमेरिकेच्या मॉरीन रेमो. रेक्यानेस कटकाच्या उतारावर, साधारण १६५० मीटर पाण्याखाली, ब्यॉर्न ड्रिफ्ट नावाचा गाळाचा एक प्रचंड लांबट ढीग आहे. तळाशी वाहणाऱ्या थंड प्रवाहाने वारा वाळूच्या टेकड्या रचतो तसा तो रचलेला आहे. तिथे गाळ दर हजार वर्षांना दहा-बारा सेंटिमीटर साचतो, म्हणजे खोल समुद्राच्या मानाने धबाधबा. त्यामुळे हिमयुगांचा इतिहास तिथे बारीक पानांच्या वहीसारखा वाचता येतो. जागेचा क्रमांक ९८४.

त्या दांड्यांपैकी काही गाळ बर्कलीला डोनाल्ड डीपाओलो यांच्या गटाकडे आला. निओडिमियमच्या समस्थानिकांवरून खडकांचे मूळ शोधण्याची पद्धत ज्यांनी १९७० च्या दशकात घडवली, तेच हे डीपाओलो. त्यांच्यासोबत केट माहर काम करत होत्या. त्यांचा मूळ प्रश्न वेगळाच होता : समुद्राच्या तळाशी गाडलेला गाळ किती वेगाने विरघळतो? त्यासाठी त्यांनी गाळाच्या कणांमध्ये अडकलेल्या पाण्यातले युरेनियम मोजले आणि २००४ साली त्याचा निकाल छापला. पाण्यात किती युरेनियम-२३४ येते हे समजायचे तर घन कणांतून किती गळते हे धरावेच लागते. ते धरता धरता ध्यानात आले की घन कणांनी जे गमावले आहे त्यातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. २००६ साली डीपाओलो, माहर, जॉन क्रिस्टेन्सेन आणि जेरी मॅकमॅनस यांचा लेख आला. विषय होता युरेनियम शृंखलेवरून मोजलेला गाळाच्या वाहतुकीचा काळ.

लेखातले आकडे वाचण्याआधी प्रयोगशाळेतल्या ओट्याशी जरा थांबू, कारण खरी झुंज तिथे आहे. समुद्रातून आलेला गाळ म्हणजे नुसता दगडाचा चुरा नसतो. त्यात शिंपल्यांचा चुना असतो, कणांवर लोह आणि मँगनीजचा गंज चढलेला असतो, कुजलेले सेंद्रिय द्रव्य असते, आणि या सगळ्यांना समुद्राच्या पाण्यातले युरेनियम चिकटलेले असते. त्या युरेनियमचे गुणोत्तर १.१५, म्हणजे पंधरा टक्के अधिक. आपण शोधतो आहोत ती उणीव काही टक्क्यांची. बाहेरचे थोडे जरी राहिले तर उणीव भरून निघते आणि म्हातारा कण तरुण दिसतो. म्हणून आधी चाळणी : जाड कण बाजूला. मग एकामागून एक आंघोळी. आधी सौम्य आम्लाने चुना काढायचा, मग गंज काढायचा, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय मळ. आंघोळ कमी पडली तर मळ राहतो. जोराची झाली तर कणाची सालच निघते, आणि गळती जिथे झाली ती जागा म्हणजे साल! मग सगळी उणीव निचऱ्यात वाहून जाते. भांडे किती घासायचे आणि कल्हई केव्हा जाईल, असा हा प्रश्न. शेवटी उरलेला सिलिकेट तीव्र आम्लांत पूर्ण विरघळवून त्यातले युरेनियम वेगळे करायचे आणि वस्तुमान-वर्णपटमापकात सोडायचे. निसर्गातल्या दर दहा लाख युरेनियम अणूंत २३४ वाले फक्त ५४ च्या आसपास असतात. त्या ५४ तले दोन-चार हरवले आहेत की नाही, हे सांगायचे.

जागा ९८४ च्या गाळाने दिलेले उत्तर असे होते. तिथे बसलेल्या थरांत कणांचा प्रवासकाळ कधी १० हजार वर्षांहून कमी, तर कधी ३ ते ४ लाख वर्षे. दोन हिमयुगांमधल्या उबदार काळातले कण ताजे. हिमयुगांतले कण शिळे. उबदार काळात आइसलँडच्या काळ्या दगडाचे पीठ जवळच समुद्रात पडत होते. प्रवास थोडक्यात आटोपत होता. हा दगड आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा बेसाल्ट, म्हणून इतर खंडांवरून आलेल्या गाळापासून त्याला निओडिमियमवरून वेगळे ओळखता येते. हिमयुगात आइसलँडचा हा ताजा माल कमी पडे आणि दूरच्या खंडांवरचा, केव्हाचा कुठे कुठे पडून राहिलेला माल तिथे येऊन बसे.

'पडून राहिलेला' हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट तीच आहे. १० मायक्रोमीटरचा कण शांत पाण्यात दिवसाला काही मीटर खाली जातो. १६५० मीटर उतरायला त्याला फार तर वर्ष-दोन वर्षे. नदीच्या पुरात सापडला तर डोंगरापासून मुखापर्यंत तो काही आठवड्यांत पोचू शकतो. तळाच्या प्रवाहाने महासागर ओलांडायचा तर आणखी काही वर्षे किंवा शतके धरा. सगळी बेरीज केली तरी हजार वर्षांच्या पुढे जाता जात नाही. मग तीन लाख वर्षे गेली कुठे? ती मुक्कामात गेली. नदीच्या पूरमैदानात, जुन्या सोडलेल्या पात्राच्या कोपऱ्यात, त्रिभुज प्रदेशाच्या चिखलात, समुद्रबूड जमिनीच्या कडेला. पुन्हा पूर येईपर्यंत, पुन्हा समुद्र मागे हटेपर्यंत. भूगोलाच्या पुस्तकात 'वाहतूक' असा धडा असतो आणि त्यात बाण काढलेले असतात. त्या बाणांनी माझी तरी पुष्कळ दिशाभूल केली. गाळ वाहतो तो क्वचितच.

याचा पडताळा हिमालयाने दिला. स्ट्रासबर्गचे मॅथ्यू ग्रानेट, फ्रान्स्वा शाबो आणि सहकाऱ्यांनी घाघरा, गंडकी, गंगा, ब्रह्मपुत्रा यांच्या गाळावर युरेनियम-थोरियम-रेडियमच्या शृंखला वापरून थोडी वेगळी गणिते केली. २०१० साली त्यांनी मांडलेले चित्र असे : पाण्यात तरंगत जाणारा बारीक गाळ मैदान ओलांडायला २० ते २५ हजार वर्षे घेतो, आणि तळाची जाड रेती काही लाख वर्षे. पाणी आठवड्यांत पोचते त्याच वाटेवर. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात अँथनी डोसेटो आणि सहकाऱ्यांनी मरंबिजी नदीच्या जुन्या पात्रांतला गाळ तपासला. त्यांना दिसले की हवामान आणि त्याबरोबर डोंगरावरची झाडी बदलली की गाळाचा मुक्कामही बदलतो. थंडीत वरची झाडे गेली, की उतारावरची कोवळी माती भराभर खाली येते; झाडी परतली, की तीच माती धरून ठेवली जाते.

पद्धतीवर आक्षेपही भरपूर आहेत, आणि ते रास्त आहेत. सगळा हिशेब कणाच्या पृष्ठभागावर टांगलेला आहे. तो पृष्ठभाग वायूचे रेणू चिकटवून मोजतात. पण वायू ज्या भेगांत शिरतो त्या सगळ्यांतून थोरियम बाहेर पडतोच असे नाही. पलीकडच्या भिंतीत जाऊन रुतला तर तो गेला असे कसे म्हणायचे? शिवाय चमचाभर गाळ म्हणजे जत्रा असते. कालचा कण आणि पाच लाख वर्षांचा कण शेजारी शेजारी बसलेले, आणि आपण काढतो ती सरासरी. पहिला खडक फुटला तेव्हा गुणोत्तर खरोखर १ होते का, हेही प्रत्येक ठिकाणी पुन्हा तपासावे लागते. डोंगरावरच्या मातीत खडक अखंड असतानाच भेगांतून पाणी फिरून गेलेले असू शकते. या सर्व शंका धरूनही, हजाराचा आकडा आणि लाखाचा आकडा यांत गोंधळ होईल इतकी ही पद्धत लंगडी नाही, असे माझे मत आहे. आणि मुक्कामाचा मुद्दा तेवढ्यावर उभा राहतो.

या इतिहासाला आपल्याकडची एक वाटही येऊन मिळते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत देवेंद्र लाल यांच्या परंपरेत समुद्रविज्ञानाचे जे घराणे तयार झाले, त्यातले डी. व्ही. बोरोले, एस. कृष्णस्वामी आणि बी. एल. के. सोमयाजुलू यांनी १९८२ साली पश्चिम भारतातल्या नद्या, खाड्या आणि लगतचा किनारी गाळ यांतल्या युरेनियमच्या समस्थानिकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्मदा-तापीच्या पाण्यात किती युरेनियम, गाळात किती, खाऱ्या पाण्याशी गाठ पडल्यावर त्याचे काय होते, समुद्राच्या खात्यात किती जमा होते, अशी ती रोखठोक वही होती. चुऱ्याच्या वयाची कल्पना तेव्हा जन्मायची होती. पण कणात एक गुणोत्तर आणि पाण्यात दुसरे, ही जोडी मांडून बसण्याची सवय आपल्या किनाऱ्यावर त्या काळीच लागलेली होती.

तेच 'जॉइड्स रिझोल्युशन' जहाज २०१५ साली आपल्या समुद्रात आले. मार्चच्या अखेरीस कोलंबोहून निघून मेच्या अखेरीस ते मुंबईला लागले. सफर क्रमांक ३५५. प्रमुखांपैकी एक होते गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे, दुसरे पीटर क्लिफ्ट. मुंबईच्या पश्चिमेला, साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्याखालच्या लक्ष्मी खोऱ्यात त्यांनी एका जागी तळाखाली ११०० मीटरहून अधिक छिद्र नेले. वर आलेला गाळ बराचसा सिंधू नदीने आणलेला, हिमालयाचा. अधूनमधून पश्चिम भारतातल्या नद्यांनी आणलेला, आपल्या काळ्या दगडाचा. मध्येच भारताच्या किनाऱ्याकडून एकदम कोसळून आलेला एक अवाढव्य थरही लागला. त्याला 'नटराज' असे नाव मिळाले आहे.

हे जहाज २०२४ साली निवृत्त झाले. आइसलँडजवळच्या जागा ९८४ चे दांडे जर्मनीत ब्रेमेनच्या कोठारात आहेत आणि लक्ष्मी खोऱ्यातले कोचीला. केरळच्या नव्हे, जपानच्या. दोन्हीकडे शीतगृहाचे तापमान सुमारे ४ अंश. प्रत्येक दांडा उभा चिरून दोन भाग केलेले असतात : एक जपून ठेवायचा, दुसरा वापरायचा. रीतसर अर्ज केला की त्या दुसऱ्या भागातून चमचाभर गाळ टपालाने मिळतो.